सात गावांच्या बाई

वाकचौरे बाईंना हळू बोलता येत नसे. प्रयत्न त्या मनापासून करायच्या. मान पुढे काढायच्या, पदर तोंडाजवळ धरायच्या, डोळे बारीक करायच्या आणि म्हणायच्या, "मॅडम, कुणाला सांगू नका बरं का..." आणि पुढचं सगळं शाळेच्या कुंपणापलीकडे टपरीवर चहा पिणाऱ्यांना ऐकू जायचं. ती माणसं मग सभ्यपणे माना दुसरीकडे वळवायची. गावाला त्यांच्या आवाजाची तेवढी सवय झाली होती.

त्या आमच्या केंद्रप्रमुख. आसपासच्या सात गावांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळा त्यांच्या देखरेखीखाली होत्या आणि मी त्यातल्या मळेवाडीच्या शाळेत शिक्षिका. कोपरगावहून आत आलं की चहूबाजूंनी ऊस लागतो, त्या उसातच आमचं गाव. बाई मात्र आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या, डोंगराकडच्या भातखाचरांच्या गावातल्या. यजमान इकडे साखर कारखान्यात होते, म्हणून त्याही इकडे आल्या आणि राहिल्या. "या उसात मला अजून दिशा कळत नाहीत," असं म्हणायच्या. "आमच्याकडं कसं, डोंगराकडं बघितलं की कळतं घर कुठं हाय ते."

हा 'हाय' फार महत्त्वाचा. कचेरीत, सभेत, साहेबांसमोर बाई पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलत. पण उत्साह चढला की 'आहे'चं 'हाय' व्हायचं, 'फार'चं 'लई' व्हायचं, आणि मग समोरच्याची धडगत नसायची. तालुक्याच्या कचेरीतला एक कारकून मला म्हणाला होता, "मॅडम, बाई 'आहे' म्हणतायत तोवर काम उद्यावर ढकलता येतं. 'हाय' सुरू झालं की आजच करावं लागतं."

तपासणीला आल्या की आमची धांदल उडायची, पण बाई आधी कधी ऑफिसात शिरायच्याच नाहीत. स्कूटर लिंबाखाली लावायच्या आणि थेट व्हरांड्यात खिचडी खायला बसलेल्या पोरांच्या पंगतीत मांडी ठोकायच्या. हेल्मेट काढायचं भान राहत नसे. पहिलीची पोरं त्यांना 'डोक्यावर डबा घातलेल्या बाई' म्हणत. शेजारच्या पोराला विचारायच्या, "काय रे, आज काय झालं?" पोरगं म्हणायचं, "काही न्हाई." बाई म्हणायच्या, "काही न्हाई? मग? पुढं?" आता काही न्हाईच्या पुढं काय असणार? पण पोरं सांगायला लागायची. शेळी व्यायली. दादाला मार बसला. आई आजोळी गेली. बाई प्रत्येक वाक्याला "मग? पुढं?" करत, आणि गंमत यायच्या आधीच हसायला लागत. जिवाला लागेल असं काही कानावर आलं की मात्र त्या पोराच्या ताटलीत आपल्या पिशवीतले भाजलेले शेंगदाणे ठेवत आणि उठत. उठल्यावर त्यांचा चेहरा मी पाहिलाय. ऐकलं खरं, आता याचं करू काय, असा तो चेहरा असायचा.

आरतीचं प्रकरण झालं ते त्याच सुमाराला. आरती सहावीतली मुलगी, अंगानं किडकिडीत, अक्षर सुरेख. घटक चाचणीच्या दिवशी पेपर हातात दिला आणि ती बाकावरून खाली कोसळली. हातपाय ताठ, दात घट्ट मिटलेले. आम्ही घाबरून दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितलं की शरीरात काही दोष नाही. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा पडली. मग परिपाठाला पडली, मग खिचडीच्या रांगेत. वर्गातल्या मुली तिच्याशेजारी बसायला भ्यायला लागल्या. तिला सांभाळणारे तिचे आजोबा, दगडू आबा, दोनदा तिला देवऋषाकडे घेऊन गेले. त्यानं अंगारा दिला, लिंबू उतरवलं. आरती आणखीच गप्प झाली. शेवटी तिनं शाळेत यायचंच बंद केलं.

बाईंना कळलं तसं त्या आबांच्या घरी गेल्या. मीही बरोबर होते. ओट्यावर बसून आबा म्हणाले, "बाहेरचं हाय बाई. औषधाचं काम न्हाई ते."

"बाहेरचं असेल नाहीतर आतलं असेल," बाई म्हणाल्या. "तिच्याशी कुणीतरी बसून बोलायला पाहिजे."

"मग तुमीच बोला की. तुमच्यावानी कोन बोलतंय?"

यावर बाई मोठ्यानं हसल्या. घरात पांघरुणात तोंड घालून पडलेली आरतीसुद्धा त्या आवाजानं दचकून उठून बसली. "आबा, माझा आवाज बघा. तिनं माझ्या कानात काही सांगितलं आणि मी नुसतं 'अगं बाई!' म्हटलं, तरी कारखान्यापर्यंत कळंल. या कामाला शिकलेलं माणूस लागतं."

ते माणूस बाईंनी शोधून काढलं. नगरच्या एका संस्थेचा वर्षभराचा उपक्रम चालू होता, शाळांतून मुलांसाठी समुपदेशक पाठवायचा. बाईंनी संस्थेच्या लोकांना रोज फोन करून इतकं बेजार केलं की त्यांनी यादीत नसतानाही मळेवाडीचं नाव घातलं. दर गुरुवारी एसटीनं एक मुलगी यायला लागली. तिचं नाव ऋतुजा. श्रीगोंद्याकडच्या काष्टीची, मानसशास्त्र शिकलेली, आवाज असा मऊ की पुढच्या बाकावर बसून ऐकावं लागे. बाईंनी तिच्यासाठी शाळेची अडगळीची खोली रिकामी करून घेतली. मोडके बाक बाहेर काढले, जाळ्या झाडल्या, आणि एका रविवारी स्वतः उभं राहून खोलीला पिवळा रंग दिला. दाराला आतून पडदा लावला. मुलं म्हणायला लागली, 'गप्पांची खोली'.

आरती आधी नुसती येऊन बसायची. मग चित्रं काढायला लागली. मग एका गुरुवारी त्या खोलीतून रडण्याचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला. आम्ही वर्गात शिकवत होतो, पण कुणाचंच लक्ष नव्हतं. बाई त्या दिवशी शाळेतच होत्या. व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होत्या. ऋतुजा बाहेर आली तेव्हा बाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता, म्हणजे तोंडून प्रश्न निघू नये. विचारायची इच्छा किती अनावर झाली असेल! पण विचारलं नाही. आरतीच्या मनात काय होतं ते ऋतुजानं आम्हाला कधी सांगितलं नाही. आबांशी ती बोलली, आरतीच्या बाहेरगावी असलेल्या आईशी फोनवर बोलली, बस्स. मला ते अजूनही माहीत नाही. एवढं मात्र पाहिलं की दिवाळीनंतर आरती पडली नाही, वार्षिक परीक्षेचा पेपर तिनं पूर्ण लिहिला, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी ती खो-खोच्या संघात शेवटून दुसरी धावायला लागली होती.

तिच्यामागोमाग इतरही मुलं त्या खोलीत जायला लागली. अंधाराला भिणारा एक होता. घरातल्या दारूच्या भांडणांनी रात्ररात्र न झोपणारी एक होती. मोबाईलवरच्या कसल्याशा धमकीनं हबकून गेलेली सातवीतली एक होती.

आणि जूनमध्ये संस्थेचा उपक्रम संपला. वर्षाचाच होता. त्यांच्याकडेही पुढचा निधी आला नव्हता, त्यांचा काय दोष? ऋतुजानं एप्रिलमध्येच मुलांना नीट समजावून सांगितलं होतं. तरी शाळा उघडल्यावरच्या पहिल्या गुरुवारी पाच-सहा मुलं पिवळ्या खोलीच्या पायरीवर येऊन बसली. आरती त्यात होती. एसटी आली, गेली. मुलं बसून राहिली.

बाई नेमक्या तेव्हाच आल्या. हेल्मेट काढून हातात धरलं आणि मुलांकडे पाहत उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मॅडम, हे लई वाईट झालं. दार दाखवायचं आन् मग कुलूप लावायचं. आता कुणाचा उपक्रम नको. आपल्या सात गावांची आपली पोरगी पाहिजे, कायमची. दर महिन्याला पगार मिळणारी."

"पण पैसे कुठून?" मी विचारलं.

"गावातून," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत असं काही चमकलं की मला आधी भीती वाटली आणि मग एकदम मजाच वाटायला लागली.

त्यांचं गणित सोपं होतं. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातला काही भाग महिला आणि बालकांच्या कल्याणासाठी राखून ठेवावा लागतो. दरवर्षी त्यातून काहीबाही घेतलं जातं. एका वर्षी अंगणवाडीला पंखे झाले, एका वर्षी बचत गटाला खुर्च्या झाल्या. एका गावाला समुपदेशकाचं मानधन झेपायचं नाही, पण सात गावांनी मिळून दिलं तर सहज जमतं. आठवडाभर ती एकेका गावात जाईल. फक्त सातही ग्रामसभांनी तसा ठराव करायला हवा.

पहिली ग्रामसभा आमचीच. स्वातंत्र्यदिनाला, झेंडावंदन झाल्यावर, मारुतीच्या देवळासमोरच्या मंडपात. सरपंच सविताताई खुर्चीत होत्या. त्यांचे यजमान शेजारी बसले होते आणि नेहमीप्रमाणे तेच बोलत होते. या वर्षी त्या पैशातून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांना स्टीलचे डबे वाटायचे, असं जवळजवळ ठरलं होतं. बाईंनी उठून आपलं म्हणणं मांडलं. 'आहे'मध्ये सुरुवात केली. मागून एक जण ओरडला, "बाई, आमची पोरं येडी हायेत का?" लोक हसले.

"तुमच्या पोराचा पाय मोडला तर तुम्ही दवाखान्यात नेता की नाही?"

"पाय दिसतोय ओ. हे काय दिसतंय?"

"हेच तर!" बाई म्हणाल्या. "दिसत न्हाई म्हनून तर शिकलेलं माणूस लागतं!" 'हाय' सुरू झालं होतं. मी सरसावून बसले. पण बायकांतूनही कुरकुर यायला लागली, डबे गेले म्हणून. सविताताईंचे यजमान म्हणाले, "बरं बरं, पुढच्या वर्षी बघू." विषय संपतच आला होता.

तेवढ्यात दगडू आबा उठले. ग्रामसभेत ते कधी बोलत नसत. टोपी काढून हातात घेतली. म्हणाले, "मी बोलतो. आमची आरती पडायची. तुमाला सगळ्यान्ला म्हाईतच हाय. मी तिला देवऋषाकडं घेऊन गेल्तो. त्यानं तिच्या डोळ्यात धूर घातला. पोर रडली, तर मला वाटलं, भूत रडतंय." ते थांबले. टोपी दुसऱ्या हातात घेतली. "ती काष्टीची पोरगी आली. तिनं नुसतं आयकून घेतलं. मला बी तिनं बसवून घेतलं, माझं बी आयकलं. आमच्या घरात कोन कुनाचं आयकत न्हवतं, येवढंच झालं हुतं. आता आरती पळती. खो-खोत पळती. डबं काय, घरात हायेत की. नको आमाला डबा." आणि ते खाली बसले.

सविताताईंचे यजमान काहीतरी बोलायला तोंड उघडत होते, एवढ्यात सविताताईच उभ्या राहिल्या. मी त्या गावात इतकी वर्षं होते, पण त्यांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला. "ठराव मी मांडते," त्या म्हणाल्या. "ज्यांना पटतंय त्यांनी हात वर करा." बायकांचे हात आधी वर गेले. मग बाकीचे. बाई टाळ्या वाजवायला लागल्या आणि मग सगळा मंडपच वाजवायला लागला. घरी जाताना त्यांनी स्कूटर चालू केली, वीस पावलं गेल्या, पुन्हा फिरून आल्या आणि मला म्हणाल्या, "मॅडम, झाला! झाला की हो!" पुन्हा गेल्या.

याच काळात लोकांत एक कुजबुज सुरू झाली होती. बाई एवढ्या धावतात म्हणजे त्यांच्या घरी काहीतरी घडलं असणार. कुणी म्हणे भाऊ गेला असेल, कुणी म्हणे मुलीचं काहीतरी असेल. एकदा मीच विचारलं. आम्ही तिसऱ्या गावची ग्रामसभा आटोपून रसवंतीवर बसलो होतो. बाईंनी रसाचा पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे टक लावून पाहिलं.

"माझ्या घरी सगळे ठणठणीत आहेत, मॅडम. मुलगा नोकरीला आहे, मुलगी सासरी सुखात आहे. आमचे हे तर घोरतात सुद्धा वेळेवर. दुसऱ्याच्या पोरासाठी धावायला आपल्या घरात कुणीतरी मरायलाच पाहिजे का?"

त्या रागावल्या नव्हत्या. खरंच विचारत होत्या. त्यांनी उरलेला रस एका घोटात संपवला आणि रसवंतीवाल्याला विचारलं, "तुमचं गाव कोणतं हो? तुमच्या गावचा ठराव झाला का?"

तालुक्याच्या साहेबांकडे गेलो तेव्हा सहा गावांचे ठराव झाले होते. साहेब तरुण होते आणि सज्जन होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "बाई, शिक्षकांनाच दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं तर? वेगळा माणूस कशाला?"

बाई खुर्चीतून उठल्या, त्यांच्या टेबलाजवळ गेल्या, वाकल्या, तोंडाशी पदर धरला आणि जमेल तेवढ्या हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब, मला घरी मार बसतो. कुणाला सांगू नका."

बाहेरच्या हॉलमधल्या टाईपिंगचा आवाज थांबला. दारातून दोन शिपाई आत डोकावले. कुणीतरी घाबरून पाण्याचा ग्लास घेऊन आलं. साहेबांचे कान लाल झाले.

"बघितलंत?" बाई सरळ उभ्या राहत म्हणाल्या. "हे मी सहावीतल्या पोराचं ऐकून घेणार, आणि तेही बेचाळीस पोरांना भागाकार शिकवता शिकवता?"

साहेब हसले ते हसतच सुटले. मग गंभीर होऊन म्हणाले, "मान्य. पण सात म्हणजे सातच ठराव आणा. सहांच्या वाट्यात वर्षभराचं मानधन बसत नाही. मध्येच त्या मुलीला पगाराविना सोडायचं, हे मी करणार नाही."

सातवं गाव करंजखेड. तिथे गाडं अडलं होतं. करंजखेड आणि मळेवाडी यांचं जुनं वाकडं. कालव्याचं पाणी, यात्रेतल्या कुस्त्या, खो-खोचे सामने, सगळ्यात. तिथले सरपंच भाऊसाहेब म्हणायचे, "मळेवाडीनं सुरू केलेल्या कामात आमी कशाला?" आणि दिवस कमी होते. मे महिन्याच्या शेवटी बाई निवृत्त होणार होत्या. ऋतुजाला पुण्याच्या एका खासगी शाळेत नोकरी मिळाली होती. तिनं बाईंना सांगितलं होतं की मेअखेरपर्यंत मी त्यांना थांबवून धरते, त्यापुढे मला जमणार नाही.

बाई करंजखेडला जात राहिल्या. गोडीनं सांगून झालं, रागावून झालं. मग एके दिवशी त्यांनी वेगळीच चाल केली. भाऊसाहेबांच्या ओट्यावर बसून, चहा पिऊन, निघता निघता म्हणाल्या, "राहू द्या भाऊसाहेब. तुमचं बरोबर आहे. मी मळेवाडीला सांगते, तुमच्या वाट्याचं पण त्यांनीच काढावं. सविताताई तयार होतील. मग ती मुलगी मळेवाडीत दोन दिवस बसेल." आणि स्कूटर चालू केली. सविताताईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला वाटेत सांगताना बाई इतक्या हसत होत्या की स्कूटर दोनदा रस्त्याच्या खाली उतरली.

एक मे रोजी करंजखेडची ग्रामसभा कोरम नाही म्हणून तहकूब झाली. बाईंनी मला फोन केला. नेहमीसारखा वाक्याच्या मध्यापासून सुरू केला नाही. नुसतं म्हणाल्या, "तहकूब." आणि ठेवला. एवढा लहान फोन त्यांनी मला कधी केला नव्हता.

निरोप समारंभ आमच्याच शाळेत ठेवला होता, मेच्या अखेरीस. सुट्टी असूनही मुलं आली होती. मंडप, सतरंज्या, ध्वनिक्षेपक, सातही गावांचे शिक्षक. बाई हिरव्या साडीत खुर्चीत बसल्या होत्या आणि पहिल्यांदाच अगदी मुकाट होत्या. खांद्यावर शाल, हातात नारळ. भाषणं चालू होती. प्रत्येक जण त्यांच्या आवाजाबद्दल काहीतरी गमतीचं सांगत होता, लोक हसत होते, आणि बाई नुसत्या मान डोलवत होत्या. सविताताई माझ्या कानाशी म्हणाल्या, "बाईंचं लक्षच न्हाई इथं."

तेवढ्यात शाळेच्या फाटकातून एक जीप धुरळा उडवत आत आली. भाऊसाहेब उतरले. मागे करंजखेडची चार-पाच माणसं आणि तेवढ्याच मुली. भाऊसाहेब तडक मंचावर चढले, बोलत असलेल्या मुख्याध्यापकांच्या हातून माईक घेतला.

"काल आमची तहकूब सभा झाली," ते म्हणाले. "या पोरींनी आमाला घरात राहून दिलं न्हाई. मळेवाडीच्या पोरीन्ला मिळतं, आमाला का न्हाई म्हनून जेवनाजेवनाला भांडल्या. ठराव झाला. एकमतानं. पन एक अट हाय." त्यांनी बोट वर केलं. "गुरुवार करंजखेडचा."

सविताताई ताडकन उठल्या. "आसं कसं? गुरुवार आमचा हाय. पयल्यापासून आमचा हाय!"

"आमचा बाजार गुरुवारी. मान्सं गावात असत्यात. पोरांच्या आयांना बी भेटता यील."

"मग आमच्या आयांनी काय केलं?"

"तुमाला एक वर्स मिळाला की गुरुवार!"

दोन्ही गावची माणसं उभी राहिली. ज्या गावात कधीकाळी 'पोरं येडी हायेत का' म्हणून लोक हसले होते, त्याच गावची माणसं आता एका मुलीच्या गुरुवारासाठी हमरीतुमरीवर आली होती. मी बाईंकडे पाहिलं. त्या उठल्या होत्या. शाल खाली घसरली होती, नारळ काखेत मारला होता, आणि त्या फोन लावत होत्या. शेजारीच भाऊसाहेबांच्या हातात माईक होता, आणि चालू होता.

"ऋतुजा!" सगळ्या मळेवाडीला, उसाला, कालव्याला ऐकू गेलं. "पुण्याला न्हाई म्हन! न्हाई म्हन गं बाई त्यांना! सातवा झाला! सातवा झाला! इथं तुझ्यावरून मारामारी चाललीय!"

भांडण थांबलं. सगळे हसायला लागले, भाऊसाहेबसुद्धा. मुलं नाचायला लागली. आरती खांबाला धरून उभी होती, ती खांब सोडून बाईंच्या दिशेनं सुसाट पळत गेली आणि त्यांना कमरेला अशी मिठी मारली की काखेतला नारळ निसटून मंचावरून गडगडत थेट पाहुण्यांच्या रांगेत गेला.

वाराचा निकाल शेवटी चिठ्ठ्या टाकून लागला. गुरुवार करंजखेडला गेला, आम्हाला मंगळवार मिळाला. दोन छोट्या गावांनी शनिवार अर्धा अर्धा वाटून घेतला. जूनमध्ये ऋतुजा आली, ती अजून येते आहे. करंजखेडनं तिच्यासाठी नवी खोली बांधली. आमच्या सविताताईंनी मग पिवळ्या खोलीत पंखा बसवला. आरती आता कोपरगावच्या हायस्कूलला जाते. मंगळवारी सुट्टी असली की खोलीच्या बाहेर बसून लहान मुलांच्या रांगेवर देखरेख करते आणि कुणाला आत डोकावू देत नाही.

बाई निवृत्तीनंतर आपल्या गावी, अकोल्याकडे राहायला गेल्या. त्यानंतर एकदाच भेट झाली. हिवाळ्यात आम्ही मुलांची सहल भंडारदऱ्याला नेली होती. येताना अकोल्याच्या स्टँडवर आमची गाडी थांबली. पलीकडे डोंगरातल्या गावांकडे जाणाऱ्या जीपा लागल्या होत्या. त्यातल्या एका जीपमध्ये पुढच्या सीटवर वाकचौरे बाई. मी धावत गेले. त्यांनी मला खिडकीतूनच मिठी मारली. केस पुरते पांढरे झाले होते, रंग आणखी रापला होता.

"मॅडम, इथं वाड्या लांब लांब हायेत," त्या पहिल्याच वाक्यात सुरू झाल्या. "सात न्हाई, अकरा गावं एकत्र केल्याशिवाय जमायचं न्हाई. आन् पावसाळ्यात एसटी येत न्हाई. तर मी म्हणते, समुपदेशक मुलगी इथं राहायलाच पाहिजे, खोलीसकट. चार गावं झालीत." मग ड्रायव्हरकडे हात करून म्हणाल्या, "हे आमच्या शेजारच्या वाडीचे मेंबर. यांचं मत अजून पक्कं न्हाई."

ड्रायव्हर ओशाळून हसला. "तसं न्हाई बाई, इचार चालू हाय."

आमच्या गाडीनं हॉर्न दिला. मी त्यांचा हात दाबला आणि परत आले. मुलं खिडक्यांतून ओरडून हात हलवत होती. बाईंनी एकदा हात वर केला, पण लगेच ड्रायव्हरकडे वळल्या. काहीतरी बोटांवर सांगत होत्या. आमची गाडी स्टँडबाहेर वळायला लागली तेव्हा मी मागे पाहिलं. ड्रायव्हरनं चालू केलेलं इंजिन बंद केलं होतं आणि तो पूर्ण बाईंकडे वळून बसला होता. मागच्या सीटवरची माणसं उशीर होतोय म्हणून आधी कुरकुरत असावीत. आता ती एकेक करून खाली उतरत होती, आणि पुढच्या खिडकीभोवती ऐकायला उभी राहत होती.